टेल लाईटला स्मोक टिंट मारायचाय? आधी घासायला शिका

काळपट टेल लाईट भारी दिसतात यात वादच नाही, पण टिंटचा प्रत्येक थर प्रकाश खातो आणि ती लाईट मागून येणाऱ्याला दिसावी म्हणूनच लावलेली असते, हे स्प्रेचा डबा हातात घ्यायच्या आधी डोक्यात पक्कं असू द्या. बऱ्याच ठिकाणी टिंट केलेल्या लाईट कायद्यात बसत नाहीत, तेव्हा तुमच्याकडचा नियम आधी बघा. हेडलाईटला तर हातच लावू नका, रात्री तुम्हालाच रस्ता दिसणार नाही.

लाईट गाडीवर ठेवून मास्किंग करत बसण्यापेक्षा सरळ खोलून काढा, डिकीच्या आतून नट असतात आणि एक वायरिंगचा कनेक्टर, एवढंच. बल्बची भोकं आणि मागचं हवेचं छिद्र टेपने बंद करा, नाहीतर घासताना पाणी आत गेलं की नंतर धुकं धरत राहतं. मग भांड्याच्या साबणाने स्वच्छ धुवा, वाळवा आणि आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा. थिनर किंवा अ‍ॅसिटोन अजिबात नको, टेल लाईट बहुतेक अ‍ॅक्रिलिकच्या असतात आणि त्यात असल्या सॉल्व्हंटने बारीक बारीक चिरा पडतात ज्या कशानेच जात नाहीत.

आता खरं काम. कंपनीची लेन्स गुळगुळीत असते, तिच्यावर रंग धरत नाही, म्हणून ८०० नंबरचा वॉटर पेपर (पाण्यात भिजवून वापरायचा सँडपेपर) दहा-पंधरा मिनिटं साबणाच्या पाण्यात भिजवून हलक्या हाताने घासायचं आणि मग १००० चा. सगळीकडे एकसारखा दुधाळ मॅट दिसला पाहिजे. लेन्स कोरडी करून उजेडात तिरकी धरा, जिथे चमक दिसेल तिथे पेपर पोचलेला नाही, आणि हे हमखास कडांना आणि लेन्सवरच्या छोट्या उठावाच्या अक्षरांभोवती होतं, तिथे राखाडी स्कॉच-ब्राइट, म्हणजे घासायचं मऊ पॅड, वापरा. या टप्प्यावर लाईटची वाट लागली असं वाटतं, घाबरू नका, अल्कोहोल मारून ओली करा, ओली असताना जशी दिसते साधारण तशीच ती क्लिअर, म्हणजे टिंटवरचा शेवटचा पारदर्शक थर, मारल्यावर दिसणार. आणि ओली असतानासुद्धा एखादा ओरखडा दिसत असेल तर तो टिंटखालीही दिसणारच, परत ८०० घ्या.

मास्किंगमधे एक गोष्ट लोक विसरतात, ती म्हणजे लाल रिफ्लेक्टर. बॅटरी उतरून गाडी अंधारात उभी राहिली तर तोच एकटा काम करतो, आणि त्याच्यावर टिंट असला की मागच्या गाडीचा उजेड आत जाताना एकदा आणि परत येताना एकदा असा दोनदा कापला जातो. तेवढा भाग टेपने झाकाच. रिव्हर्सचा पांढरा भागही मी मोकळा सोडतो, दिसायलाही बरा दिसतो.

स्प्रे मारायला कोरडी हवा आणि साधारण २० ते २५ डिग्री तापमान चांगलं, दमट हवेत थरावर पांढुरकी झाक येते. डबा आतली गोळी वाजायला लागल्यावर अजून दोन मिनिटं हलवा. दोन्ही लाईट शेजारी शेजारी ठेवा आणि प्रत्येक कोट दोन्हीवर लगेच एकामागून एक मारा, एक पूर्ण करून दुसरी घेतली की शेड हमखास वेगळी येते. अंतर २० सेंटीमीटरच्या आसपास, स्प्रे लेन्सच्या बाहेर चालू करायचा आणि बाहेरच बंद करायचा. पहिला कोट नुसता शिंतोडल्यासारखा, मग दहा-एक मिनिटं थांबून पुढचा. जाड मारलात तर ओघळ येतो, आणि पारदर्शक रंगात ओघळ म्हणजे काळी रेघच.

दोन कोट झाले की थांबा. वाळू द्या, वायरिंग जोडा, भर दुपारच्या उन्हात कुणाला तरी ब्रेक दाबायला सांगा आणि मागे लांब जाऊन बघा. ब्रेक लागला की नाही असा जरा जरी प्रश्न पडला तर टिंट जास्त झालाय, क्लिअरच्या आधी तो घासून काढता येतो, नंतर डोक्याला ताप.

क्लिअर टू-के घ्या, म्हणजे हार्डनरवाला, साधा क्लिअर पेट्रोलचा थेंब पडला की चिकट होतो. पण हार्डनरमधे आयसोसायनेट हे फुफ्फुसांना घातक रसायन असतं, कापडी मास्क इथे काही कामाचा नाही, ऑरगॅनिक व्हेपर काडतुसाचा रेस्पिरेटर, हातमोजे आणि मोकळी हवा पाहिजेच. डबा एकदा चालू केला की आतला माल घट्ट व्हायला लागतो, त्यामुळे दोन्ही लाईटचं काम एका बैठकीत उरका. टिंट आणि क्लिअरमधे किती वेळ चालतो ते डब्यावर लिहिलेलं असतं, ते पाळा, नाहीतर क्लिअर पापुद्र्यासारखा सुटतो. दोन-तीन कोट पुरे.

निदान एक दिवस हात लावू नका. मग दाणेदार वाटलं तर २००० आणि ३००० ने ओलं घासून रबिंग कंपाउंड (चमक आणायची पेस्ट), कडांवर मात्र जोर नको, तिथे थर पातळ असतो आणि पटकन खाली टिंटपर्यंत जातो. बसवताना मागचं गॅस्केट नीट बसलंय ना बघा आणि काही दिवस प्रेशरचं पाणी लांबून मारा.