स्वतःच्या ब्रँडचे फुगे आणताय? या चुका टाळा

गोव्यात नाताळ जवळ आला की फुग्यांची मागणी वाढते आणि नव्या आयातदारांना आपल्या नावाचं पाकीट काढायची घाई होते. त्या घाईत दरवर्षी त्याच चुका होतात.

सगळ्यात महाग चूक म्हणजे रिकाम्या फुग्यावर रंग आणि छपाई पास करणं. कारखान्याचा नमुना येतो, तो रंगपत्रिकेशी ताडून पाहतात आणि होकार कळवतात. पण रिकाम्या फुग्याचं लॅटेक्स, म्हणजे रबर, जाड असतं, म्हणून रंग दाट दिसतो. १२ इंची फुगा भरला की तेच लॅटेक्स ताणून पातळ होतं, उजेड आरपार जातो आणि रंग फिका पडतो. मडगावच्या एका वितरकाने लग्नांच्या सजावटीसाठी मरून रंगाचे फुगे मागवले, वर सोनेरी नाव. नमुना न फुगवताच पास केला. सजावटवाल्याने फुगे भरल्यावर मरूनचा राणी रंग झाला आणि सोनेरी अक्षरांना भेगा पडल्या, कारण शाई रबराबरोबर ताणणारी नव्हती. कारखान्याने लेखी मंजुरी पुढे केली, पैसे परत मिळाले नाहीत. तो माल शेवटी चर्चच्या फेस्ताच्या जत्रेत मिळेल त्या भावाने गेला.

म्हणून प्रत्येक रंगाचे किमान दहा नमुने घ्या. पुठ्ठ्याला ११ इंचाचं भोक पाडा आणि सगळे फुगे त्या मापाने भरा. एकदा दिवसाच्या उजेडात, एकदा हॉलच्या पिवळ्या दिव्याखाली पाहा. शाईवर अंगठा घासा, चिकटपट्टी लावून ओढा, रात्रभर ठेवून सकाळी पुन्हा तपासा. पास झालेल्या रंगाचे काही रिकामे नमुने सही करून सीलबंद ठेवा, म्हणजे दुसऱ्या खेपेचा रंग त्यांच्याशी जुळवता येतो. हे टाळून फोनवरच्या फोटोवर होकार देणाऱ्यांची कीव येते, कारण दोन दिवस वाचवायला ते अख्खी खेप पणाला लावतात.

ऑर्डरमध्ये नुसते इंच लिहू नका, वजनही लिहा. १२ इंची फुगा २.८ ग्रॅमचा मिळतो, ३.२ ग्रॅमचाही. वजन लिहिलं नाही तर हलका माल येतो, आणि तो भरताना फुटला की ग्राहक तुमच्या ब्रँडला नावं ठेवतो. शिवाय १०० नगांची पाकिटं बहुधा वजनावर भरतात, त्यामुळे नग कमी-जास्त निघतात. पाकिटावर १०० छापलं असेल तर आत १०० हवेतच. प्रत्येक खोक्यातलं एक पाकीट मोजा.

रंगांचा हव्यास धरू नका. ४० छटा तीन मापांत म्हणजे १२० प्रकार, आणि प्रत्येकाला कारखान्याची किमान ऑर्डरची संख्या वेगळी. सुरुवात आठ रंगांनी करा, ५ इंची आणि १२ इंची. फुग्यांच्या कमानीला दोन्ही मापं लागतात, आणि पांढरा, सोनेरी, काळा हे रंग वर्षभर खपतात. पिळून आकार करायचे २६० नंबरचे लांब फुगे दुसऱ्या खेपेला ठेवा.

दिवस उलटे मोजा. नाताळचा माल नोव्हेंबरच्या सुरुवातीला गोदामात हवा. नमुन्यांना तीन आठवडे, उत्पादनाला ४५ दिवस, चीनहून मुंबईजवळच्या न्हावाशेवा बंदरापर्यंत महिनाभर, कस्टम्स आणि ट्रकला दहा दिवस धरा. म्हणजे जुलैच्या मध्यापर्यंत ऑर्डर पक्की हवी. कार्निव्हलचा माल नाताळच्याच खेपेत आणा, कारण त्याच सुमारास चिनी नववर्षाला कारखाने बंद असतात.

पावसाळ्यात लॅटेक्सची जास्त काळजी घ्यावी लागते. दमटपणाने आतली पावडर गोळा होते, फुगे एकमेकांना चिकटतात आणि पाकिटाच्या वरची पुठ्ठ्याची पट्टी वाकते. उष्णता आणि ऊन रबर कमजोर करतात, म्हणून पत्र्याच्या शेडमध्ये छताजवळ खोकी रचू नका. खोकी फळ्यांवर, भिंतीपासून दूर ठेवा. पाकीट झिपचं घ्या, पुठ्ठ्याला लॅमिनेशन करा, लॉट नंबर छापा आणि जुना लॉट आधी काढा. ‘किनाऱ्यावर फुगे फुटतात’ ही तक्रार आली तर आधी रंग विचारा. गडद फुगा उन्हात लवकर तापतो आणि आतली हवा फुगते. अशा ठिकाणी १२ इंची फुगा १० इंचांपर्यंतच भरा, हे पाकिटावरच छापा.

आता कायद्याचं. १४ वर्षांखालील मुलांच्या खेळण्यांना १ जानेवारी २०२१ पासून आयएसआय चिन्ह सक्तीचं आहे. त्याचा परवाना कारखान्याच्या नावावर असतो, आयातदाराच्या नाही. आगाऊ रक्कम देण्याआधी तो पाहा आणि तुमच्या ब्रँडनावाचा माल त्यात बसतो का ते विचारा. कार्टूनचं चित्र छापून ‘खेळणं नाही, सजावटीचा माल’ म्हणण्याची पळवाट काढू नका. आठ वर्षांखालील मुलं न फुगवलेल्या किंवा फुटलेल्या फुग्याने गुदमरू शकतात, ही सूचना ठळक हवी. एमआरपी, आयातदाराचा पत्ता, मूळ देश, नग आणि ग्राहक तक्रारीचा क्रमांक हेही छापा.

फुग्यांच्या प्लॅस्टिकच्या काड्यांवर १ जुलै २०२२ पासून देशभर बंदी आहे. कारखान्याच्या तयार किटमध्ये त्या न सांगताही येतात, म्हणून ऑर्डरमध्येच लिहा: कागदी काडी, नाहीतर काडीच नको.