लेपर्ड गेकोला कोणते किडे द्यावेत?

लेपर्ड गेको, म्हणजे घरी पाळली जाणारी ठिपक्यांची पाल, फळाला किंवा पालेभाजीला तोंड लावत नाही. जन्मभर तो किड्यांवरच जगतो, आणि नीट सांभाळला तर पंधरा-वीस वर्षं जगतो. गेकोबरोबर बहुतेक वेळा मीलवर्मची (एका भुंग्याच्या अळ्यांची) डबी हातात येते. मीलवर्म वाईट नाहीत, पण कॅल्शियमची पावडर न लावता तेच देत राहिलं तर काही महिन्यांत गेकोचे पाय वाकायला लागतात.

दोष कॅल्शियमच्या कमतरतेचा. मीलवर्ममध्ये कॅल्शियमच्या दहापटीहून जास्त फॉस्फरस असतो, रातकिड्यांमध्ये साधारण सातपट. गेकोला हवं असतं याच्या उलट: फॉस्फरसच्या सुमारे दुप्पट कॅल्शियम. जादा फॉस्फरस असला की कॅल्शियम आतड्यात शोषलं जात नाही आणि शरीर ते हाडांतून ओढून घेतं. जबडा मऊ पडणं, बोटं थरथरणं, चालताना पोट जमिनीला घासणं ही त्याची लक्षणं. ती दिसली तर घरी प्रयोग करू नका. सरपटणाऱ्या प्राण्यांवर उपचार करणारा पशुवैद्य गाठा.

म्हणून आधी रोजचा किडा ठरवा, आणि ठरवताना तो आपल्या घरात जिवंत राहील का, हे पाहा. अर्धमेल्या, उपाशी किड्यात गेकोसाठी फारसं काही उरलेलं नसतं.

रातकिडे चरबीला हलके, आणि त्यांची पळापळ पाहून गेको चटकन झडप घालतो. त्यांना जाळीच्या झाकणाचा डबा आणि पुठ्ठ्याचे अंड्यांचे ट्रे लागतात. वाटीत पाणी ठेवलं तर बुडून मरतात, त्यामुळे गाजराची चकती ठेवा. दमट, कोंदट डब्यात ते एका रात्रीत पटापट मरतात. पावसाळ्यात ट्रे ओलसर लागला की लगेच बदला. वास येतो आणि नर रात्रभर किरकिरतात, हे लहान फ्लॅटमध्ये आधीच लक्षात घ्या.

डुबिया झुरळं आम्हाला जास्त पसंत आहेत. ती आवाज करत नाहीत, गुळगुळीत प्लॅस्टिकवर चढू शकत नाहीत, महिनोन्‌महिने टिकतात आणि 28 ते 32 अंशांत पिल्लंही देतात. काहींना मात्र त्यांची ॲलर्जी होते. डबा साफ करताना शिंका किंवा अंगाला खाज आली तर ती पाळणं सोडा. कोकण-मुंबईची हवा त्यांना मानवते, तेव्हा झाकण घट्ट असू द्या आणि एकही बाहेर सोडू नका.

मीलवर्म सगळ्यांत सोपे. गव्हाच्या कोंड्यात, फ्रिजच्या दारातल्या कप्प्यात कित्येक आठवडे राहतात. मीलवर्म गेकोचं पोट आतून कुरतडतो, ही समजूत खोटी आहे. सुपरवर्म (तशाच, पण मोठ्या अळ्या) मात्र फ्रिजमध्ये मरतात. त्यांचा चावाही जोरदार असतो, त्यामुळे लहान गेकोला ते देऊच नका.

महाराष्ट्रात एक उत्तम पर्याय दुर्लक्षित राहिला आहे: रेशीम अळी. तिच्यात चरबी अगदी कमी आणि पाणी भरपूर, शिवाय अंगाने मऊ. मराठवाड्यात तुतीवर रेशीम घेणारे बरेच शेतकरी आहेत. पाल्यावर कीटकनाशक पडलं तर अळीच मरते, म्हणून हे शेतकरी तुतीला फवारणीपासून जपतात. पण अळ्यांच्या बिछान्यावर चुना आणि जंतुनाशक पावडर टाकतात. आणलेल्या अळ्या तीन-चार दिवस घरी स्वच्छ तुतीच्या पाल्यावर ठेवा आणि मगच द्या. लहान वयाच्या अळ्या मागा. शेवटच्या टप्प्यातली अळी बोटाएवढी जाड होते.

ब्लॅक सोल्जर फ्लाय या काळ्या माशीच्या अळीत कॅल्शियम मुळातच फॉस्फरसपेक्षा जास्त असतं. ओल्या कचऱ्याच्या कंपोस्टमध्ये वळवळतात त्या बहुधा याच. त्या बादलीतल्या उचलू नका. धान्यावर किंवा भाजीवर वाढवलेल्या घ्या. वॅक्सवर्ममध्ये (मेणपतंगाच्या अळीत) जवळपास पाव भाग चरबी असते. पंधरा दिवसांतून एक-दोन पुरे. चटक लागली की गेको बाकीचं खाणं सोडतो.

किड्याची जाडी गेकोच्या दोन डोळ्यांमधल्या अंतरापेक्षा जास्त नको. सहा महिन्यांपर्यंतच्या पिल्लाला रोज पाच-सात लहान किडे, त्यानंतर वर्षापर्यंत एक दिवसाआड, आणि प्रौढाला आठवड्यातून दोन-तीनदा पाच ते आठ. हे आकडे सुरुवातीपुरते. शेपूट मानेपेक्षा जाड झाली तर खाणं कमी करा. आठवड्याला स्वयंपाकघरातल्या डिजिटल काट्यावर वजन करा. सलग घटत असेल तर विष्ठा तपासून घ्या.

खायला देण्याआधी 24 ते 48 तास किड्यांचं पोट भरू द्या. शेवग्याचा पाला यासाठी फार चांगला, जोडीला भोपळा, गाजर, रताळं. पालक नको, त्यातलं ऑक्झॅलेट कॅल्शियम अडवतं. मीलवर्म यासाठी कोंड्यातून वेगळ्या डबीत काढा, कारण कोंड्यातच फॉस्फरस भरपूर असतो.

मग पावडर. झाकणाच्या डबीत किडे आणि चिमूटभर कॅल्शियम कार्बोनेट टाकून हलवा. पिठीसाखर भुरभुरल्यासारखा पातळ थर बसला पाहिजे. लगेच खायला द्या, कारण किडे अंग साफ करून घेतात. पिल्लांना प्रत्येक वेळी, प्रौढांना एक वेळ सोडून. यूव्हीबी (अतिनील किरणांचा) दिवा नसेल तर आठवड्यातून एकदा साध्या पावडरऐवजी डी3 जीवनसत्त्व असलेली वापरा. रोज डी3 दिलं तर ते साठून मूत्रपिंडं बिघडतात. महिन्यातून दोनदा मल्टिव्हिटॅमिन द्या, त्यावर रेटिनॉल (अ जीवनसत्त्व) लिहिलेलं असावं. पानाचा चुना कॅल्शियम म्हणून कधीही देऊ नका, तो तोंड भाजतो. माणसांच्या गोळ्याही नकोत.

घरातली झुरळं देऊ नका, ती शेजारच्या घरातलं औषध खाऊन आलेली असू शकतात. सोयाबीन-कपाशीच्या शेतातले नाकतोडे आणि दिव्यावर येणारे पावसाळी किडेही नकोत. काजवा तर कधीच नाही: त्याच्या अंगातलं विष हृदयावर परिणाम करतं आणि एका काजव्यानेही पाळीव सरडे दगावले आहेत. मे-जूनमध्ये भंडारदऱ्याकडे काजवे पाहायला जाल तेव्हा मुलांनी बाटलीत भरून आणलेले घरी पोहोचू देऊ नका.

खाणं संध्याकाळी दिवे मंद झाल्यावर द्या. पंधरा-वीस मिनिटांत उरलेले रातकिडे मोजून बाहेर काढा, नाहीतर ते झोपलेल्या गेकोची बोटं आणि पापण्या कुरतडतात.