जुन्या हॉलच्या भिंतीला ओल, रंग फुगतो (इंग्लंड): माझा अनुभव

मंडळासाठी घेतलेला हॉल १९१९ च्या आधीचा, ९ इंची भरीव विटेचा. खालच्या मीटरभर भिंतीचा रंग फुगायचा, मागे पांढरा क्षार. डाग रोखणारा रंग दोनदा लावला, भिंतीत ओल अडवणारं रसायन टोचून घेतलं. ओल मीटरभरावरून आणखी वर सरकली. दोन हिवाळे आणि वर्गणीचे पैसे गेले, याचं फार वाईट वाटलं.

दोष सिमेंटचा होता. चुन्यात बांधलेल्या भिंतीचे सांधे नंतर सिमेंटने भरले आणि वर सिमेंटचा गिलावा चढवला की आत शिरलेलं पाणी बाहेर पडत नाही.

आधी पन्हळी दुरुस्त केल्या. मग बाहेरची माती आतल्या फरशीच्या १५० मिमी खाली नेली. सांध्यांतलं सिमेंट हातछिन्नीने काढलं (ग्राइंडरने विटांच्या कडा फुटतात), रुंदीच्या दुप्पट खोल, आणि १ भाग एनएचएल ३.५ चुना (पाण्याने घट्ट होणारा नैसर्गिक चुना), २.५ भाग जाडी वाळू भरली. आतला गिलावा ओलीच्या रेषेच्या वर ३०० मिमीपर्यंत खरवडला, क्षार कोरड्या ब्रशने झाडला. पाण्याने धुऊ नका, तो परत आत जातो. भिंत काही महिने उघडी ठेवली. इथे घाई केली की सगळं फुकट.

शेवटी भिंत भिजवून त्याच मिश्रणाचे १० मिमीचे दोन थर, वर चुन्याची सफेदी. ५ अंश सेल्सिअसखाली हे काम करू नका. इमारत संरक्षित यादीत असेल तर कौन्सिलची परवानगी आधी घ्या.