बेस वाजला की अ‍ॅम्प बंद: शेवटी काय चाललं

लक्षण: गाडीतल्या स्टिरिओचा आवाज अर्ध्याच्या वर नेला की अ‍ॅम्प्लिफायरवर प्रोटेक्टचा (स्वतःला वाचवायला बंद झाल्याचा) लाल दिवा, सबवूफर (बेसचा स्पीकर) गप्प, काही सेकंदांनी पुन्हा सुरू. आरसीए केबल (स्टिरिओतून सिग्नल आणणारी) बदलली, अर्थिंग नवीन केलं, फरक शून्य. दोन रविवार गेले.

शेवटी सबच्या टोकांवर मल्टिमीटर लावला: 1.7 ओहम (मीटरवर रोध छापील आकड्यापेक्षा थोडा कमीच दिसतो). सबमधल्या 4+4 ओहमच्या दोन्ही कॉइल समांतर, म्हणजे 2 ओहमचा लोड. अ‍ॅम्प मात्र ब्रिजमध्ये (दोन चॅनल एकत्र जोडून) किमान 4 ओहमवरच चालणारा. कॉइल सिरीजमध्ये जोडल्या तर 8 ओहम होतात, अ‍ॅम्प तापत नाही, पण बेस मरतो.

म्हणून 2 ओहमला 300 वॉट आरएमएस (सलग मिळणारी खरी पॉवर) देणारा क्लास डी मोनोब्लॉक (एकाच चॅनलचा, कमी तापणारा अ‍ॅम्प) घेतला. खोक्यावरच्या ‘1500 वॉट’कडे बघूच नका, फ्यूज बघा: 30 अँपिअर × 13.8 व्होल्ट × 0.75 (कार्यक्षमता), साधारण 310 वॉट. तेवढंच खरं.

बसवताना आधी बॅटरीची निगेटिव्ह काढली. मग 8 गेजची शुद्ध तांब्याची वायर ओढली (तांब्याचा मुलामा दिलेली अ‍ॅल्युमिनियमची स्वस्त पडते, पण व्होल्टेज पाडते), बॅटरीपासून 45 सेंमीच्या आत फ्यूज. अर्थिंगला रंग खरवडून उघडा पत्रा. निगेटिव्ह परत जोडली. मग सब सोडवून, बेस बूस्ट बंद, स्टिरिओ पाऊण आवाजावर ठेवून 50 हर्ट्झचा टोन लावला आणि आउटपुटवर 24 व्होल्ट एसी (300 वॉट × 2 ओहम, त्याचं वर्गमूळ) येईपर्यंत गेन (अ‍ॅम्पची इनपुट पातळी) हळूहळू वाढवला. सब जोडला, लो पास फिल्टर 80 हर्ट्झवर, म्हणजे सबला त्याखालचाच आवाज.

लाल दिवा पुन्हा लागलेला नाही.