पिंगुळीला दोन दिवस जायचं असेल तर

मालवण-तारकर्लीला जाणारी बरीच मंडळी कुडाळला उतरतात, पिंगुळी तिथून रिक्षाने जेमतेम दहा मिनिटांवर आहे, तरी तिकडे कोणी वळत नाही, आणि वळलंच तर अर्धा तास थांबून चार फोटो काढून पुढे बीचवर. मला याचं खरंच वाईट वाटतं. कारण पिंगुळीची कला ही भिंतीवर लावून बघायची नाहीये, ती बसून ऐकायची आहे. म्हणून हे सविस्तर लिहितोय, पुढच्या वेळी शनिवार-रविवार हातात असेल तर तो पूर्ण या गावाला आणि त्याच्या आसपासला द्या.

ज्यांना काहीच माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. सिंधुदुर्गात कुडाळ तालुक्यातलं हे गाव, इथल्या ठाकर समाजाने चित्रकथी (चित्रं दाखवत गाऊन सांगायची कथा), कळसूत्री बाहुल्या आणि चामड्याच्या बाहुल्यांचा सावल्यांचा खेळ या कला पिढ्यानपिढ्या सांभाळल्यात. सावंतवाडी संस्थानाचा आश्रय होता तोवर ठीक चाललं होतं, नंतर सिनेमा आला, टीव्ही आला, आणि रात्री देवळात बसून चित्रं बघत रामायण ऐकणारं माणूसच कमी झालं. परशुराम गंगावणे यांनी 2006 मध्ये स्वतःच्या गोठ्याचं म्युझियम केलं, नाव ठाकर आदिवासी कला आंगण. 2021 मध्ये त्यांना पद्मश्री जाहीर झाली. घरच्या गोठ्यात उभं राहिलेलं म्युझियम आहे हे मनात ठेवून जा, म्हणजे तिकडे गेल्यावर कसं वागायचं ते आपोआप कळतं.

कसं जायचं: मुंबईहून कोकणकन्या किंवा तुतारी, दोन्ही रात्रीच्या गाड्या, शुक्रवारी रात्री बसलात की शनिवारी सकाळी कुडाळ. रविवारी संध्याकाळनंतर परतीला पण याच गाड्या मिळतात. फक्त रिझर्वेशन खूप आधी करा, गणपती आणि मे महिन्यात तर विचारूच नका. पावसाळ्यात कोकण रेल्वेचं टाइमटेबल वेगळं असतं ते बघून घ्या. पुण्याहून येणाऱ्यांनी कोल्हापूरमार्गे एसटी किंवा गाडी, घाट उतरून यायचं, त्यामुळे शुक्रवारी दुपारीच निघता आलं तर बरं. राहायला कुडाळमध्ये लॉज आहेत, पण आजूबाजूच्या गावात घरगुती सोय मिळाली तर ती घ्या, सकाळी उठल्यावर अंगणात बसून चहा प्यायची मजा लॉजमध्ये नाही.

आता सगळ्यात महत्त्वाचं. आधी फोन करा. नुसतं "उघडं आहे का" एवढंच नाही, "आम्हाला चित्रकथी ऐकायची आहे, बाहुल्यांचा खेळ बघायचा आहे, आम्ही इतके जण आहोत, वेळ भरपूर आहे" असं स्पष्ट सांगा आणि खेळाचे पैसे किती ते पण तेव्हाच विचारून घ्या. खेळ लावायचा म्हणजे बाहुल्या बाहेर काढा, पडदा बांधा, वाजवणारी माणसं जमवा, सगळी तयारी असते. अचानक दोघं जण जाऊन उभं राहून "जरा दाखवा ना" म्हणणं बरोबर नाही. दहाबारा जणांचा ग्रुप झाला तर उत्तम, खेळाला पण रंग चढतो.

शनिवारी सकाळी गाडीतून उतरल्या उतरल्या पळू नका. कुडाळमध्ये एखाद्या साध्या हॉटेलात घावणे-चटणी किंवा आंबोळी आणि काळ्या वाटाण्याची उसळ खा, आंघोळ करा, मग दहा-साडेदहाला आरामात निघा.

पहिला तास म्युझियममध्ये नुसतं बघण्यात घालवा. चित्रकथीच्या चित्रांत एक गोष्ट बघा, चेहरे बहुतेक बाजूने काढलेले असतात आणि डोळे मोठे, टपोरे. माझ्या मते याचं कारण सरळ आहे, दिव्याच्या उजेडात समोर बसलेल्या माणसाला लांबून कळलं पाहिजे ना की राम कोणाकडे बघतोय आणि रावण कोणाकडे. चित्रं कागदावर काढतात, दोन चित्रं पाठीला पाठ लावून चिकटवतात, आणि एका कथेच्या अशा सगळ्या चित्रांच्या गठ्ठ्याला पोथी म्हणतात. म्हणजे आपण ज्याला पेंटिंग म्हणतो ते खरं तर पोथीचं एक पान आहे, एकटं पान बघून अर्धीच गोष्ट कळणार.

म्हणून मग बसायचं आणि ऐकायचं. सांगणारा एक चित्र समोर उभं धरतो, वीणा, टाळ, हुडूक (डमरूसारखं वाद्य) यांच्या साथीवर गात गात, मध्ये गद्यात बोलत कथा पुढे नेतो, प्रसंग संपला की पान बदलतो. सुरुवातीची पाच-दहा मिनिटं शहरातल्या माणसाला जड जातात हे मी बरोबर नेलेल्या बऱ्याच जणांचं बघितलंय, चित्र हलत नाही म्हणून हात मोबाइलकडे जातो, पण तेवढा वेळ कळ काढा. एकदा आवाजाची लय पकडली की तेच चित्र वेगळं दिसायला लागतं, गाण्यात ज्याचं नाव येतं त्याच्याकडे आपली नजर आपोआप जाते. लहान मुलं असतील तर त्यांना एकदम पुढे बसवा, ती आपल्याआधी पकडतात. आदल्या रात्री मुलांना सीताहरणाची किंवा लंकेची गोष्ट सांगून ठेवा, खूप फरक पडतो.

कळसूत्री बाहुल्यांचा खेळ झाल्यावर शक्य असेल तर विनंती करून पडद्यामागे बघा. किती दोऱ्या, कुठल्या बोटाला कुठली, आणि तोंडाने संवाद चालू असताना हात वेगळंच काम करतात. सूत्रधार हा शब्द आपण नाटकात, सभेत कुठेही वापरतो, इथे सूत्र खरोखर हातात धरलेलं दिसतं. चामड्याच्या बाहुल्यांना मात्र अंधार लागतो, त्यामुळे तो खेळ संध्याकाळनंतर ठेवता येतो का ते फोनवरच विचारा. भर दुपारी सावल्यांचा खेळ मागू नका.

व्हिडिओबद्दल: विचारूनच काढा, आणि पूर्ण खेळ रेकॉर्ड करून टाकू नका. हे त्यांचं पोट आहे.

खरेदी करायची तर ओरिजिनल हाताने काढलेलं चित्र घ्या, लहान चालेल. रंग कुठले, कागद कुठला, चित्रातला प्रसंग कुठला, हे विचारा, मनापासून सांगतात, आणि तो प्रसंग चित्राच्या मागे पेन्सिलीने लिहून ठेवा नाहीतर घरी गेल्यावर "हा कोण" म्हणून बसाल. भाव करू नका, प्लीज. मॉलमध्ये छापील पोस्टरला जेवढे देतो तेवढ्यासाठी इथे घासाघीस करताना लोक बघितलेत आणि फार राग येतो. कॅश ठेवा, रेंजचा भरवसा नाही.

दुपारी जेवा, झोपा. खरंच झोपा, कोकणात दुपारी एक ते चार कोणाच्या दारात जाऊ नये. संध्याकाळी पिंगुळीतच राऊळ महाराजांचा मठ आहे तिथे जाऊन शांत बसा. आणि कार्तिकी पौर्णिमेनंतरचे दिवस असतील तर रिक्षावाल्याला किंवा घरमालकांना विचारा, "आज खंय जत्रा आसा?" जवळपास कुठे दशावतार, म्हणजे जत्रेतलं रात्रीचं लोकनाट्य, असेल तर सोडू नका. रात्री उशिरा सुरू होतो, गणपती, रिद्धी-सिद्धी, संकासुर येऊन जातात, मग आख्यान लागतं आणि पहाटेपर्यंत चालतं. दिवसा चित्रात बघितलेली पात्रं रात्री पेट्रोमॅक्ससारख्या उजेडात अंगावर येतात, यासाठी म्हणून मी डिसेंबर-जानेवारी सुचवतो. जून-जुलैत गाव हिरवंगार असतं पण 1 जून ते 31 जुलै यांत्रिक बोटींची मासेमारी बंद, ताज्या बांगड्याची आशा ठेवून येऊ नका.

रविवारी एकच काहीतरी निवडा. वालावलचं लक्ष्मीनारायणाचं देऊळ आणि शेजारचा तलाव, निवांत सकाळ जाते, हवं तर पुढे धामापूरचा 1530 मधला तलाव. किंवा सावंतवाडी: राजवाड्यात गंजिफा रंगवतात, दशावतारी गंजिफाचे 120 गोल पत्ते, दहा अवतारांचे बारा-बारा, आणि चितार आळीत लाकडी खेळणी. राजवाडा रविवारी बघता येईल का ते आधी विचारून घ्या. मला विचाराल तर पहिल्यांदा येणाऱ्याने सावंतवाडी करावी, कारण ज्या संस्थानाने पिंगुळीच्या कलेला आधार दिला ते घर बघायला मिळतं. मालवण या फेरीत नको.

परतीच्या गाडीआधी तासभर हातात ठेवा. चित्र गुंडाळायला जाड पुठ्ठ्याची नळी घरूनच आणा, पण दोन चित्रं पाठीला पाठ चिकटवलेली असली तर ते गुंडाळू नका, दोन पुठ्ठ्यांच्या मध्ये सपाट ठेवून वरच्या बर्थवर न्या.