कार्डिफमध्ये शिकताय? पहिली रग्बी मॅच क्लबची बघा

वेल्समध्ये शिकायला किंवा नोकरीला गेलात की फेब्रुवारी-मार्चमधल्या सिक्स नेशन्सची, म्हणजे युरोपातल्या सहा देशांच्या रग्बी स्पर्धेची, हवा लागतेच. पण कार्डिफमधल्या प्रिन्सिपॅलिटी स्टेडियमच्या (वेल्सचे आंतरराष्ट्रीय सामने इथे होतात) त्या तिकिटावर आठवड्याचं किराणा बजेट उडवण्याआधी शेजारच्याच आर्म्स पार्कवर कार्डिफ रग्बी या क्लबचा सामना बघा. तिकीट बरंच स्वस्त, मैदान लहान, त्यामुळे स्क्रममध्ये (दोन्ही संघांचे खेळाडू वाकून, खांद्याला खांदा लावून एकमेकांना रेटतात तेव्हा) खेळाडू भिडल्याचा आवाजसुद्धा कानावर येतो. टीव्हीवर हे कधीच कळत नाही.

नियम सगळे पाठ करायची गरज नाही. 40-40 मिनिटांचे दोन भाग. ट्रायचे (समोरच्या संघाच्या गोलरेषेपलीकडे चेंडू जमिनीवर टेकवण्याचे) 5 गुण, त्यानंतरची किक गोलपोस्टमधून गेली तर आणखी 2, समोरच्या संघाने नियम मोडल्यावर मिळणारी पेनल्टी किक गोलपोस्टमधून गेली तर 3. हाताने चेंडू पुढे फेकायचा नाही, पास बाजूला किंवा मागेच. बाकीचं शेजारच्या प्रेक्षकाला खुशाल विचारा. इथे दोन्ही संघांचे पाठीराखे एकमेकांशेजारीच बसतात आणि नवख्याला समजावून सांगायला त्यांना मनापासून आवडतं.

मोठी सॅक घरीच ठेवा. अंगावर एकावर एक कपडे आणि वर टोपीचं रेनकोट जॅकेट असू द्या, कारण छत्री उघडली की मागच्यांना काही दिसत नाही.

आंतरराष्ट्रीय सामन्याला गेलात, तर परतीची घाई करू नका. सामना सुटला की कार्डिफ सेंट्रल स्टेशनबाहेर लांबच लांब रांगा लागतात. शेवटच्या गाडीची वेळ आधी बघून ठेवा आणि मधला वेळ निवांत जेवणात घालवा.