शेती-धोरणाच्या संशोधनात यायचंय? आधी फॉर्म भरायला शिका

पुण्यात माझ्याकडे चौकशीला येणारी मुलं साधारण दोन प्रकारची असतात. बी.एस्सी. ॲग्री करून सदाशिव पेठेतल्या अभ्यासिकेत एमपीएससीची तयारी करणारी, नाहीतर अर्थशास्त्रात एम.ए. झालेली. प्रश्न मात्र एकच: सरकारी संशोधनात राहून धोरण बदलता येतं का?

खरं सांगायचं तर धोरण ठरवणारे वेगळे असतात. संशोधन करणारा त्यांच्या हातात आकडा देतो, आणि पुढची सगळी भांडणं त्या आकड्यावरून होतात. मोर्चेकरी तोच आकडा दाखवतात आणि विधानसभेत उत्तर देणारा मंत्रीही तोच. त्यामुळे नव्याने येणाऱ्याने आधी हा आकडा कसा तयार होतो ते शिकावं, लेख-बिख नंतर.

हमीभावाचंच घ्या. कृषी खर्च आणि मूल्य आयोग १९६५ साली स्थापन झाला, तेव्हा नाव वेगळं होतं. तो २२ पिकांच्या हमीभावाची शिफारस करतो, उसाची एफआरपी, म्हणजे कारखान्यांनी द्यायचा किमान दर, वेगळी. शिफारशीमागे पिकाच्या उत्पादन खर्चाची माहिती असते, आणि ती गोळा करायची केंद्राची योजना सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीपासून चालू आहे. निवडलेल्या शेतकऱ्यांच्या घरी माणूस वर्षभर जात राहतो. बी किती, खत किती, मजूर किती, बैल कुणाचे, सगळं नोंदवतो.

मी एका अभ्यासासाठी शिरूर तालुक्यात बाजरीचे असेच फॉर्म भरत होते. घरच्या माणसांच्या कामाचे तास हा रकाना आला की गाडी अडायची. एक मावशी म्हणाल्या, "अगं, सकाळी भाकरी घेऊन रानात गेले, चार तास खुरपलं, येताना म्हशीला गवताचा भारा आणला. यातलं बाजरीचं किती आणि म्हशीचं किती, तूच सांग." शेजारी बसलेले काका लगेच, "तिचं काय लिहिताय, ती घरचीच आहे." मी खुरपणीचे तास बाजरीत धरले, भारा म्हशीकडे टाकला आणि पुढे सरकले.

रकाना क्षुल्लक वाटतो, पण वादाचं मूळ इथंच आहे. रोख खर्चात घरच्यांची मजुरी धरली की एक आकडा येतो, त्याला ए२ अधिक एफएल म्हणतात. त्यात स्वतःच्या जमिनीचा खंड (भाडं) आणि स्वतःच्या भांडवलाचं व्याज मिळवलं की सी२. २०१८च्या अर्थसंकल्पात दीडपट हमीभावाची घोषणा झाली ती पहिल्या आकड्यावर, आणि शेतकरी संघटना मागतात दुसऱ्यावर. दोन्ही बाजू आकडेवारीनेच बोलतात. काकांचं ऐकून मावशींचे तास गाळले असते, तर दोन्ही आकडे खाली आले असते. मुलाखतीत "धोरणावर तुमचं मत काय?" असं विचारलं की बहुतेक उमेदवार भाषण देतात. हा फरक नीट समजावून सांगणारा उमेदवार मी तरी फार पाहिलेला नाही.

पीक विम्यातही तेच. नुकसान किती झालं हे ठरायला महसूल मंडळाचं (काही गावांच्या गटाचं) सरासरी उत्पादन लागतं, आणि ते येतं पीक कापणी प्रयोगातून. गट नंबर यादृच्छिक आकड्यांवरून निघतो. शेतात गेल्यावर नैऋत्य कोपऱ्यातून पावलं मोजत आत जायचं, ठरलेल्या मापाचा तुकडा दोरी-खुंट्यांनी आखायचा, तेवढंच पीक कापून, मळून, वजन करायचं. "इथं नको, तिकडचं पीक बघा की," असं मालक म्हणतोच. कधी चांगलं दाखवायला, कधी वाईट. तुम्ही हलायचं नाही. ही पद्धत १९४०च्या दशकात पां. वा. सुखात्मे आणि वि. गो. पानसे या संख्याशास्त्रज्ञांनी आपल्याकडे रुजवली. त्याआधी सगळा भर नजरअंदाजावर. सुखात्मे फर्ग्युसनचे विद्यार्थी, पुढे जागतिक अन्न व कृषी संघटनेत संख्याशास्त्राचे प्रमुख झाले. संख्याशास्त्राचा कंटाळा असेल तर हे क्षेत्र तुमचं नाही, एवढं आत्ताच ऐकून ठेवा.

पाण्याकडे ओढा असलेल्यांनी भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेचं काम बघावं. मुख्यालय पुण्यातच आहे. निरीक्षण विहिरींची पातळी वर्षातून चार वेळा मोजली जाते. भूजलाचा उपसा पुनर्भरणाच्या शंभर टक्क्यांवर गेला की पाणलोट अतिशोषित ठरतो, आणि मग नव्या विहिरीसाठीच्या सरकारी योजनांना तिथे अडथळे येतात. गावकऱ्यांना हे वर्गीकरण कळतं ते अर्ज नामंजूर झाल्यावर.

पुण्यात राहण्याचा फायदा असा की हे सगळं पीएमपी बसच्या टप्प्यात आहे. शिवाजीनगरला साखर आयुक्तालय आणि कृषी महाविद्यालय, मांजरीला द्राक्ष संशोधन केंद्र, जरा लांब राजगुरुनगरला कांदा-लसूण. डेक्कनजवळ गोखले अर्थशास्त्र संस्था, तिथलं कृषी-आर्थिक संशोधन केंद्र १९५४ पासून केंद्रीय कृषी मंत्रालयासाठी अभ्यास करतं. याच संस्थेच्या अर्थतज्ज्ञ धनंजयराव गाडगीळांनी गोदावरी आणि प्रवरा कालव्यांच्या फायद्यांची पाहणी केली, अहवाल १९४८चा. कालव्याचा हिशेब फक्त पाणीपट्टीत मावत नाही, हे त्यातून पुढे आलं. त्यांचे चिरंजीव पर्यावरणशास्त्रज्ञ माधव गाडगीळ. २०११च्या त्यांच्या पश्चिम घाट अहवालावर एवढा गदारोळ झाला की सरकारने शास्त्रज्ञ कस्तुरीरंगन यांचा दुसरा गट नेमला. वडिलांचा आणि मुलाचा, दोन्ही अहवाल वाचा. सरकारने अभ्यास करून घेतला म्हणजे तो स्वीकारला असं नसतं, हे मुलाच्या अहवालानंतर जे घडलं त्यावरून कळेल.

आता पोटापाण्याचं. सुरुवात बहुधा कंत्राटी असते: प्रकल्प सहायक, यंग प्रोफेशनल, क्षेत्र अन्वेषक. प्रकल्प संपला की करार संपला, मुदतवाढीच्या तोंडी आश्वासनावर खोलीचं भाडं ठरवू नका. मानधन उशिरा होतं. माझंही एका ठिकाणी महिनोनमहिने अडकलं होतं, तेव्हा घरून पैसे मागवावे लागले. कायमची नोकरी हवी असेल तर कृषी शास्त्रज्ञ निवड मंडळाची एआरएस (कृषी संशोधन सेवा), किंवा यूपीएससीची भारतीय आर्थिक सेवा नाहीतर सांख्यिकी सेवा. तिन्हींसाठी शिक्षणाच्या अटी वेगवेगळ्या आहेत, जाहिरात शेवटपर्यंत वाचा. कंत्राटी कामाचं अनुभव प्रमाणपत्र काम चालू असतानाच, सही-शिक्क्यासह मागून घ्या. साहेबांची बदली झाली की पुढचे साहेब तुम्हाला ओळखत नाहीत.